जीभ घसरली नव्हती

सोलापूरच्या आमच्या कचेरीत माझ्या टेबलाशेजारी एक लोखंडी कपाट होतं. वरच्या तीन कप्प्यांत जिल्हा परिषदेचे अहवाल, साखर कारखान्यांच्या गाळपाचे तक्ते आणि जुन्या निवडणुकांचे निकाल असायचे. खालचा कप्पा माझा. त्यात बुटांच्या रिकाम्या खोक्यांमध्ये पोस्टकार्डाएवढी कार्डं उभी लावलेली होती. प्रत्येक कार्डावर कुणा ना कुणा पुढाऱ्यानं जाहीरपणे उच्चारलेलं एकेक वाक्य. एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मी चोवीस वर्षं उपसंपादक होते, त्यातली वीस वर्षं तरी हा संग्रह चालू होता. २०२१ मध्ये निवृत्त झाले तेव्हा कपाट तिथंच राहिलं, खोकी मी घरी आणली.

घरी आणल्यावर सगळी कार्डं पहिल्यांदाच सलग वाचली. बहुतेकांना आमच्याच पेपरातलं कात्रण टाचलेलं होतं. ‘जीभ घसरली’, ‘पुन्हा जीभ घसरली’, ‘प्रचारसभेत जीभ घसरली’ अशी शीर्षकं एकामागून एक येत राहिली. त्यातली बरीचशी मीच दिलेली होती. रात्री साडेअकराला पान सोडायचं असतं, दोन कॉलमांत मावेल असं काहीतरी हवं असतं, आणि हे दोन शब्द नेमके मावतात. आज मला ते शीर्षक खोटं वाटतं. का वाटतं, ते सांगायचं आहे.

या संग्रहाची सुरुवात एका न छापलेल्या वाक्यापासून झाली. एका साखर कारखान्याच्या बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम होता. तालुक्याच्या वार्ताहरानं नेहमीसारखी बातमी पाठवली: ऊसदर, कामगारांचा बोनस, व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं. ती तशीच लागली. दुसऱ्या दिवशी कचेरीत झाडलोट करणाऱ्या बाई माझ्या टेबलाशी येऊन थांबल्या. त्यांची बहीण त्या कार्यक्रमाला होती. ऊसतोडीला येणाऱ्या बायकांबद्दल प्रमुख पाहुणे काय बोलले, ते त्यांनी खाली बघत सांगितलं आणि विचारलं, “पेपरात ते का नाही आलं?” मी वार्ताहराला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, ते तर नेहमीच तसं बोलतात. त्यात बातमी काय?”

दोष त्याचा नव्हता, तशी आमची रीतच होती. पुढाऱ्यांची भाषा आम्ही धुऊन, वाळवून, इस्त्री करून छापत असू. भाषणात शिवी असेल तर ‘कडक शब्दांत समाचार घेतला’. धमकी असेल तर ‘सूचक इशारा दिला’. बायकांवर घाणेरडा विनोद असेल तर ‘मिश्कील टिप्पणी केली’. ही शब्दांची अदलाबदल कुणी आम्हाला शिकवली नव्हती, ती आपोआप हाताला लागली होती. त्या दिवशी मी ते वाक्य, ज्या शब्दांत बाईंनी सांगितलं त्याच शब्दांत, एका कार्डावर उतरवलं. ते पहिलं कार्ड.

२००७-०८ मध्ये चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या आणि धुऊन छापणं अवघड झालं. बूम तोंडासमोर असायचा, वाक्य जसंच्या तसं घरोघरी पोहोचायचं. मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मी एक पान लावू लागले, ‘वर्षभरातली मुक्ताफळं’. मध्ये व्यंगचित्र, भोवती दहा-बारा वाक्यं. वाचकांना आवडायचं, पत्रं यायची. जे आधी झाकत होतो ते आता गंमत म्हणून वाढत होतो, आणि हे दोन्ही एकाच माळेचे मणी आहेत हे माझ्या लक्षात यायला २०१३ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षीचा उन्हाळा सोलापूर जिल्ह्यातलं कुणी विसरणार नाही. उजनी धरण ११७ टीएमसीचं म्हणतात, पण त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्यात मोजतात. वापरायचं पाणी ५३ टीएमसीच्या आसपास. ते संपून मृतसाठ्याला हात घालावा लागला की आमच्याकडे म्हणतात, ‘उजनी मायनस झाली.’ त्या वर्षी ती मायनस झाली होती. मोहोळ तालुक्यातला एक शेतकरी जिल्ह्यासाठी पाणी सोडा म्हणून मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता, त्याला दीड-पावणेदोन महिने होत आले होते. ६ एप्रिलला इंदापूर तालुक्यातल्या निंबोडीत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी भाषणात त्या उपोषणाचा विषय काढला. धरणात पाणीच नाही तर सोडायचं काय, तिथं मुतायचं का, असं ते म्हणाले. रात्री वीज जाते म्हणून पोरं जास्त होत आहेत, असंही त्याच भाषणात होतं. चित्रफितीत समोरच्या लोकांचा हशा ऐकू येतो.

पुढचे आठ-दहा दिवस राज्यात दुसरा विषय नव्हता. विधिमंडळात गदारोळ झाला, त्यांनी माफी मागितली. शरद पवारांनीही माफी मागितली. १४ एप्रिलला कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी अजित पवारांनी दिवसभराचा आत्मक्लेश केला. आमच्या पहिल्या पानावर रोज काही ना काही होतं: वाक्य, प्रतिक्रिया, जोडे मारो आंदोलन, पुतळा दहन, माफी, आत्मक्लेश.

त्याच आठवड्यात दुपारी कचेरीत एक फोन आला. बाईंचा आवाज, वय साठीच्या पुढचं असावं. गाव मोहोळ तालुक्यातलं सांगितलं. म्हणाल्या, “ते बोलले ते तुम्ही छापलं, बरं केलं. पण आमच्याकडं टँकर आज पाचव्या दिवशी आला, त्यात अर्ध्या गावाला पाणी पुरलं नाही. ते छापलंय का?”

मी अंक काढून पाहिले. टँकरच्या खेपांची आकडेवारी सातव्या पानावर एका कॉलमात होती, चारा छावणीच्या बातमीखाली. तीही आदल्या आठवड्यातली. चालू आठवड्यातली बातमी आलेली होती, पण प्रतिक्रियांना जागा हवी म्हणून ती थांबवली होती. थांबवणारी मीच होते.

बाईंना मी तसं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. “मग उद्या छापा,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ती बातमी पहिल्या पानावर घ्यावी म्हणून मी संपादकांशी भांडले. ती तिसऱ्या पानावर गेली. तेवढंच जमलं.

त्यानंतर माझ्या कार्डांचं रूप बदललं. आधी नुसतं वाक्य, नाव आणि तारीख असायची. आता कार्डाच्या मागच्या बाजूला रकाने आखले. कुठं बोलले, कोणत्या निमित्तानं, समोर कोण बसलं होतं. हसलं कोण. आधी प्रश्न काय विचारला होता. दुसऱ्या दिवशी खुलासा काय आला. आणि सर्वांत खाली, लाल शाईत: हे कुणाबद्दल बोललं गेलं, आणि त्यांचं पुढं काय झालं. हा शेवटचा रकाना भरायला कधी चार महिने लागले, कधी चार वर्षं. पण तो रकाना नसता तर माझ्याकडं फक्त ‘मुक्ताफळं’ उरली असती. तो मथळा मी त्याच वर्षी बंद केला.

‘हसलं कोण’ या रकान्यानं मला जास्त शिकवलं. भाषण ही एकट्याची गोष्ट नसते. व्यासपीठावरचा माणूस पहिल्या दोन वाक्यांत समोरचा मांडव जोखतो. एक हलकं वाक्य टाकून बघतो. हशा आला की त्याहून थोडं खालचं. टाळी पडली की आणखी खालचं. मी कित्येक सभांना पत्रकारांच्या खुर्च्यांवर बसून हे पाहिलं आहे. दगडावरून पाय घसरतो तेव्हा माणसाला ते आधी ठाऊक नसतं. इथं मात्र बोलणारा पायरी-पायरीनं उतरतो, आणि प्रत्येक पायरीवर समोरून त्याला हात दिला जातो. त्याला घसरणं म्हणता येत नाही.

तुरीचं कार्ड काढून पाहते. २०१६ मध्ये पाऊस चांगला झाला, तूर उदंड पिकली. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये होता आणि बाजारात दर त्याच्या बराच खाली. साहजिकच सगळे सरकारी खरेदी केंद्रांकडे वळले. केंद्रांवर बारदाना संपलेला, गोदामं भरलेली. २०१७ च्या एप्रिलमध्ये २२ तारखेला खरेदी बंद झाली तेव्हा बाजार समित्यांच्या आवारात पोत्यांच्या थप्प्या तशाच होत्या. आमच्या भागातल्या एका आवारात मी गेले होते. मापाची वाट बघत माणसं ट्रॅक्टरखाली झोपलेली होती, घरून डबे येत होते. या पार्श्वभूमीवर मे महिन्यात भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे जालन्यात कार्यकर्त्यांशी बोलताना म्हणाले की, एवढी तूर खरेदी केली तरी ‘रडतात साले’. नंतर दिलगिरी आली. महाराष्ट्राला ते दोन शब्द आठवतात. बारदाना का नव्हता, हे फार थोड्यांना आठवतं. माझ्या कार्डावर दोन्ही आहे.

कार्ड लिहायला वाटतं तितकं सोपं नाही. आर. आर. पाटील यांचं कार्ड मी तीनदा लिहिलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर गृहमंत्री म्हणून ते पत्रकारांशी हिंदीत बोलले. हल्लेखोरांना पाच हजार माणसं मारायची होती, असं सांगताना, मोठ्या शहरांत अशा एखाद-दुसऱ्या घटना होत असतात, या अर्थाचं वाक्य त्यांच्या तोंडून गेलं. एका वर्तमानपत्रात ‘हादसे’ आलं, दुसऱ्यात ‘छोटी घटना’, आणि काही दिवसांत लोकांच्या तोंडी एका गाजलेल्या हिंदी सिनेमातल्या संवादासारखं त्याचं रूप बसलं. आज कुणालाही विचारा, तो सिनेमाच्या चालीवरच ते वाक्य म्हणून दाखवेल. तासगाव तालुक्यातला, मराठीत विचार करणारा माणूस परक्या भाषेत बोलत होता, हे मला नजरेआड करता येत नाही. पण त्याच वेळी मुंबईतल्या रुग्णालयांत नातेवाईक मृतदेह ओळखत होते. १६६ माणसं गेली होती. त्यांच्यासाठी ती घटना एखाद-दुसरी नव्हती, आणि मूळ शब्द कोणता होता यानं त्यांच्या दुःखात काही फरक पडत नव्हता. १ डिसेंबरला आर. आर. पाटलांनी राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी निवडणुकीनंतर ते पुन्हा गृहमंत्री झाले. तरी एका वाक्यासाठी पद सोडणारे माझ्या खोक्यांत फार थोडे आहेत आणि त्यात त्यांचं नाव आहे, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवलं आहे.

आणि एक कार्ड माझ्या स्वतःच्या चुकीचं आहे. मोबाइलवर फिरत आलेली वीस-बावीस सेकंदांची चित्रफीत होती. आमच्या जिल्ह्यातला एक पुढारी म्हणत होता, शेतकरी फुकटे झालेत. मी ती पहिल्या पानावर चौकटीत लावली. सकाळी एका गावात त्यांचा पुतळा जाळला गेला. दुपारी ते स्वतः कचेरीत आले. आरडाओरडा केला नाही. सोबत पूर्ण भाषणाचं ध्वनिमुद्रण आणलं होतं, ते टेबलावर ठेवून म्हणाले, “मॅडम, सगळं ऐका.” आम्ही अडतीस मिनिटं ऐकलं. ते एका अधिकाऱ्याचं बोलणं सांगत होते आणि पुढच्याच वाक्यात त्याचा निषेध करत होते. चित्रफीत तिथं कापलेली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही खुलासा छापला, पाचव्या पानावर चार ओळी. चौकट पहिल्या पानावर आणि खुलासा पाचव्यावर, हा अन्याय होता. तो मी केला. तेव्हापासून पूर्ण भाषण ऐकल्याशिवाय मी एकही कार्ड लिहिलेलं नाही. ‘माझ्या विधानाचा विपर्यास झाला’ हे वाक्य दहांतल्या नऊ वेळा खोटं असतं. दहाव्या वेळी ते खरं असतं, आणि त्या दहाव्या माणसाशी प्रामाणिक राहिलं तरच उरलेल्या नऊ कार्डांना किंमत राहते.

बायकांबद्दलच्या कार्डांचं वेगळं खोकं आहे. ते सर्वांत जाड आहे. एका मंत्र्यानं शहाद्याला दारूच्या ब्रँडना बायकांची नावं द्यायचा सल्ला दिला, एका आमदारानं घाटकोपरच्या दहीहंडीत मुलगी पळवून आणायची भाषा केली, आमच्याच जिल्ह्यातल्या विधान परिषदेच्या एका सदस्यानं सैनिकांच्या पत्नींबद्दल जे म्हटलं ते मी इथं लिहिणारही नाही. त्यांना २०१७ मध्ये दीड वर्षासाठी निलंबित केलं आणि २०१८ मध्ये निलंबन मागे घेतलं, एवढी नोंद पुरे.

पण या खोक्यातलं मला सर्वांत झोंबलेलं वाक्य महाराष्ट्रात उच्चारलेलंच नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत शक्ती मिलच्या ओसाड आवारात आमच्या व्यवसायातल्या एका मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. ती छायाचित्रकार होती, नेमून दिलेल्या कामावर गेली होती. ४ एप्रिल २०१४ ला मुंबईच्या सत्र न्यायालयानं तिघांना फाशी सुनावली. सहा दिवसांनी मुरादाबादच्या प्रचारसभेत मुलायमसिंह यादव यांनी त्या शिक्षेचा उल्लेख करून म्हटलं, मुलं आहेत, चुका होतात. फाशी असावी की नसावी, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. २०२१ मध्ये उच्च न्यायालयानं त्या तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, ती कायद्याची कारणं देऊन. पण ‘चूक’? त्या रात्री डेस्कवर आम्ही दोघी होतो. माझ्याबरोबरची मुलगी नुकतीच नोकरीला लागली होती, रात्रपाळी संपवून स्कूटीनं एकटी घरी जायची. बातमी लावताना ती एवढंच म्हणाली, “ताई, शीर्षकात त्यांचं वाक्य तसंच ठेवूया. आपण काही घालायला नको.” आम्ही ते तसंच ठेवलं. माझ्या कारकिर्दीतलं ते मला पटलेलं शीर्षक आहे.

एका कार्डावर मात्र तोंडी वाक्यच नाही. जुलै २०१५ मध्ये तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री राधामोहन सिंह यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं, त्यात शेतकरी आत्महत्यांच्या कारणांमध्ये प्रेमप्रकरणं आणि नपुंसकत्व होतं. मंत्रालयाचं म्हणणं होतं की ही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालातली वर्गवारी आहे. होती खरी. पण त्याच अहवालात कर्जबाजारीपणा हे सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक होतं. २०१४ मध्ये देशात ५,६५० शेतकऱ्यांच्या आत्महत्या नोंदल्या होत्या आणि त्यातल्या २,५६८ एकट्या महाराष्ट्रातल्या होत्या. ते उत्तर कुणी टंकलं, कुणी तपासलं, कुणी सही केली. कागदावर जीभ कशी घसरेल?

या वीस वर्षांत मी माफ्याही जमवल्या. त्यांचा साचा ठरलेला आहे: ‘माझ्या बोलण्यानं कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो.’ त्यातला ‘असतील तर’ मी प्रत्येक कात्रणावर पेन्सिलीनं अधोरेखित केला आहे. त्या दोन शब्दांनी जबाबदारी बोलणाऱ्याकडून काढून ऐकणाऱ्याच्या मनावर टाकली जाते. याला न्यायालयात हरकत घेतली गेल्याचं एक उदाहरण माझ्याकडं आहे. २०१६ मध्ये बुलंदशहरजवळ महामार्गावर मायलेकींवर सामूहिक बलात्कार झाला आणि उत्तर प्रदेशचे तेव्हाचे मंत्री आझम खान यांनी तो राजकीय कट असू शकतो असं म्हटलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबरमध्ये त्यांनी माफीचं प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात हाच ‘जर’ होता. त्यावर महान्यायवादींनी हरकत घेतली, ते प्रतिज्ञापत्र चाललं नाही, नवं द्यावं लागलं, आणि १५ डिसेंबरला ते स्वीकारलं गेलं. त्याच प्रकरणातून पुढं घटनापीठाचा निकाल आला, ३ जानेवारी २०२३ चा: मंत्र्याचं वक्तव्य आपोआप सरकारचं वक्तव्य ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबर असेल. पण निंबोडीत बसलेल्या माणसाला समोर सरकारच बोलताना दिसत होतं, आणि फोन करणाऱ्या त्या बाईंनाही.

कार्ड लिहिणं मी निवृत्तीनंतरही थांबवलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे म्हणाले की हल्ली भिकारीही एक रुपया घेत नाही, आम्ही एक रुपयात पीक विमा दिला. त्या कार्डाच्या मागं लाल शाईत लिहिलं आहे: २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद, शेतकऱ्याला खरीप पिकांसाठी विमा रकमेच्या २ टक्के हप्ता भरावा लागतो. मंत्र्यांचं खातं जुलैअखेर बदललं, ते विधिमंडळातल्या मोबाइलवरच्या रमीवरून. वाक्यावरून नाही.

डेस्कवर आज बसलेल्या मुलामुलींना माझी एकच विनंती आहे. पुढारी जे बोलला ते पूर्ण ऐका, त्याच्याच शब्दांत छापा, आणि ज्याच्याबद्दल बोलला त्याच्याकडं जाऊन त्याच दिवशीची त्याची हकिकत शेजारच्याच कॉलमात लावा. जागा कमी पडली तर प्रतिक्रिया कापा, टँकरची बातमी कापू नका. आणि ‘जीभ घसरली’ हे शीर्षक कृपा करून आता देऊ नका.